खोटे चार दिवस

ये गं मृणाल, या कागदातच का होईना, जवळ ये. दाराशी नको उभी राहूस. इथं माझ्या शेजारी बस आणि आधी थोडी बोलणी खा, मग पुढचं सांगते.

चार वेळा फोन केला, उचलला नाहीस. पाचव्यांदा उचललास आणि म्हणालीस, "आत्या, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." रविवारी सकाळी कसली गं मीटिंग? तुझी आई तुझ्या फ्लॅटवर येऊन गेली. ती सांगते, पोरगी तीन आठवडे ऑफिसला गेलेली नाही, तिथं व्हायरल ताप कळवलाय, पडदे लावून पडून असते, केस विंचरत नाही, आणि विचारलं की म्हणते, "आय ॲम फाइन." आम्हाला एवढं इंग्रजी कळतं हो बाई.

तुला ते पाळीचं दुखणं, पीसीओएस, निघालं हेही तिनंच सांगितलं. म्हणाली, "वन्सं, एवढंसं तर दुखणं. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, गोळ्या घ्या. त्याला काय अंथरूण धरायचं?" तुझी आई वाईट नाही, तिला ठाऊक नाही एवढंच. मला ठाऊक आहे, कारण तुझं जे निघालंय तेच मलाही आहे. त्याचं नाव कळायच्या आधी मी कितीतरी वर्षं ते नुसतं भोगलं. तुझ्या बाबालाही, म्हणजे माझ्या सख्ख्या भावालाही, यातलं मी कधी काही सांगितलेलं नाही.

तोंडानं सांगायला गेले तर तू फोन ठेवशील, म्हणून लिहिते. माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढचं वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. चुकलंमाकलं तर हसून घे, हसलीस तर बरंच. तुझ्यासारखी दुसरी कुणी पोरगी असेल तर तिनंही वाचावं. बोलणी तिलाही लागू आहेत.

थंड अंगाची

मी शहाणी झाले तेराव्या वर्षी, आणि तेव्हापासून पाळी कधी तीन महिन्यांनी तर कधी पाच. तुझी आजी म्हणायची, "थंड अंगाची आहे, लग्न झालं की होईल सुरळीत." विसाव्या वर्षी मला पुण्याजवळच्या मांजरी गावात दिली.

तेव्हाची मांजरी तू पाहिली नाहीस. आता जिथं बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत तिथं सगळा ऊस. आमचे हे हडपसरच्या एका कंपनीत लेथवर होते, पहिल्या पाळीला सायकलनं जायचे. थोरले दीर शेती बघायचे. घरात सासूबाई, थोरल्या जाऊबाई, पुढं झालेली त्यांची छकुली आणि आम्ही दोघं. सासरे आधीच गेलेले.

घरात बाजूला बसायची पद्धत होती. तुम्हा मुलींना हे आता सांगावं लागतं. पाळी आली की बाईनं चार दिवस मागच्या पडवीत बसायचं. एक घोंगडी, एक ताट, एक तांब्या. चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात. सून बाजूला बसली की तिची कामं सासूबाईंवर पडत, म्हणून कुणाची पाळी कधी येते ते त्यांना तोंडपाठ असायचं. घरातल्या बायकांच्या अंगाचं कॅलेंडर त्यांच्याकडं होतं म्हण.

लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा माझी पाळी अशीच लांबली. सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "काय गं सुनंदा, कवापासनं बसली न्हाईस?"

"तीन महिने होत आले."

"मळमळतंय का?"

त्या आठवड्यात गुऱ्हाळावर रस जरा जास्तच प्यायले होते. म्हटलं, "मळमळतं थोडं."

एवढ्यावर झालं. हे म्हणाले, डॉक्टरांना दाखवू. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टर काय नवीन सांगणार? मी पाच बाळंतपणं काढलीत." आणि त्यांनी चोरओटी ठरवली. चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात, गावभर बभ्रा होऊ नये म्हणून घरातल्या घरात गुपचूप भरतात ती ओटी. भावकीतल्या पाच सवाष्णी आल्या. हिरवा खण, तांदूळ, खारीक, नारळ. मला पाटावर बसवलं. सासूबाईंनी माझी अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली. इतक्या खुशीत मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

आठव्या दिवशी गोठ्यात शेण काढताना पोटात कळ आली. सगळे म्हणाले, पडलं. पडलं असतं तरी बरं होतं बघ, चार बायकांनी पाठीवरून हात तरी फिरवला असता. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, पोट नव्हतंच, पाळी लांबली होती.

जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोट नव्हतंच, तर मग ओटी कुणाची भरली म्हणायची?"

 ओटीचा नारळ सासूबाईंनी स्वतः फोडला आणि त्याची चटणी वाटली. सगळ्यांनी खाल्ली, मीही खाल्ली. चांगली झाली होती.

माझी युक्ती

त्या दिवसानंतर मला एकाच गोष्टीची धास्ती बसली, माझे दिवस कुणी मोजू नयेत. पाळी लांबली की घरातल्या बायकांची नजर पोटावर, आणि आली की तीच नजर तोंडावर. मग मी काय केलं ऐक. पुढच्या महिन्यात पाळी आलेली नसताना मी सासूबाईंना सांगितलं, "मला कावळा शिवला," आणि घोंगडी घेऊन पडवीत जाऊन बसले.

कुणी काही विचारलं नाही. कोण विचारणार? मग दर महिन्याला तेच. संकष्टी झाली की दोन दिवसांनी मी बाजूला. कोरडी कापडं धुवून गोठ्यामागं दोरीवर वाळत घालायची, बघणाऱ्याला दिसावं म्हणून. खरी पाळी कधी आली तर गुपचूप निभवायची.

पहिल्या पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चार दिवस कुणाचं ऐकायचं नाही, कुणासमोर हसायचं नाही. पण हळूहळू तिथं मला वेगळंच काहीतरी धरायला लागलं. मी सकाळी भिंतीकडं तोंड करून पडायची ती संध्याकाळ व्हायची. रडू यायचं, आणि कशाचं यायचं ते सांगता यायचं नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आले तरी ते माझ्यासोबत आत यायला लागलं. भाकरी तव्यावर करपायची आणि मी समोर बसून असायची. आज वांगी करायची का गवार, एवढंही मला ठरवता यायचं नाही. लोकांना वाटायचं सुनंदा आळशी झाली. मलाही तेच वाटायचं.

त्यात हनुवटीवर केस यायला लागले. आधी चार, मग बोटांना खरखर लागेल इतके. पडवीत कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप यायची, तिथं हातभर आरसा धरून मी चिमट्यानं उपटत बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेतच. अंग सुटत चाललं, मान काळी पडली. लग्नकार्याला मी जाईनाशी झाले. गेले तर हनुवटीवर पदर धरून. लोक म्हणायचे, केवढी मर्यादशील सून. एकदा छकुली मांडीत बसली होती. तिनं माझ्या हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काकू, तुला बाबांसारखं टोचतंय." पोरीला काय कळतंय. पण मी तिला परत मांडीवर घेतलं नाही, किती दिवस. ती दोन्ही हात वर करून यायची आणि मी उठून आत जायची.

"घड्याळ लावावं"

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून ह्यांनी हडपसरला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सासूबाई बरोबर. बाहेर ही गर्दी, त्यामुळे बाईंना घाई. त्यांनी मला विचारलं, "पाळी नियमित येते का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ लावावं. संकष्टी झाली की तिसरा दीस. मी सवता चार दीस चूल बघते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

मृणाल, ती मान हलवली ना, ती मला फार महागात पडली. बाईंनी कागदावर 'नियमित' लिहिलं आणि पुढं दोन वर्षं सगळे उपचार त्या एका शब्दावर चालले. ह्यांची तपासणी, माझी ताकदीची इंजेक्शनं, अमुक दिवशी या, तमुक दिवशी या. ते दिवस मोजायचे कुठून, तर माझ्या खोट्या पाळीपासून. दर वेळी घरी येताना मला वाटायचं, आता सांगावं. पण सांगायचं काय? तीन-चार वर्षं मी तुम्हाला फसवलं, असं?

आणि मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी मी शहाणपणानं चार दिवस बाजूला बसून घेतलं होतं, म्हणजे नऊ दिवस मी मोकळी. पाचव्या माळेला सकाळी खरीच आली, कित्येक महिन्यांनी. आता परत कसं बसायचं? पंधरा दिवसांत दोनदा म्हटलं की दहा प्रश्न. मी गप्प राहिले. घटाला पाणी घातलं, पुरणाचा नैवेद्य रांधला, दिव्यात तेल घातलं.

दिवाळीच्या तोंडावर छकुलीला विषमज्वर झाला. वीस दिवस पोर तापानं फणफणली. जाऊबाई तिच्या उशाशी बसून असायच्या. एका संध्याकाळी सासूबाई अंगारा लावता लावता म्हणाल्या, "घटाला इटाळ लागलाय कुणाचा तरी. त्याबिगर असं हुत न्हाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नव्हतं. पण मी तिथल्या तिथं गार पडले. आज तू म्हणशील, आत्या, टायफॉईड पाण्यातून होतो. हो गं, आता मलाही माहीत आहे. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की ज्या पोरीला मी मांडीवरून ढकललं तिलाच मी आता मारत्येय.

एका दुपारी मी धुणं घेऊन निघाले आणि धुण्याच्या दगडावर ते टाकून कालव्याच्या काठानं तशीच पुढं चालत गेले. कशाला ते तू समज, मी लिहीत नाही. पुढच्या वळणावर कुणी एक बाई गोधडी धूत होती. आमच्या गावची नव्हती, ऊसतोडीच्या टोळीतली असावी. मला बघून म्हणाली, "ए बाय, हे दुसरं टोक धर की. एकलीनं पिळंना झालीय."

मी टोक धरलं. ती एका बाजूला पीळ देई, मी दुसऱ्या. पाणी निथळून गेलं, आम्ही ती झाडावर टाकली. ती म्हणाली, "तुजं धुनं कुटंय?" माझं धुणं मागंच राहिलं होतं. मग ते घ्यायला मी मागं फिरले आणि घरी आले. एवढंच झालं. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. असा विचार तुला कधी आला, तर अशी कुणी बाई वाटेत भेटेल म्हणून बसू नकोस. त्याच घडीला कुणाचा तरी दरवाजा वाजव, माझा वाजव.

छकुली बरी झाली. मी नाही झाले.

आधी जाऊन या, मग रडा

माझं बोलणंच बंद झालं तेव्हा ह्यांनी डॉक्टर बदलायचं ठरवलं. त्या सुमाराला हडपसरला गाडीतळाच्या बाजूला नवीन दवाखाना झाला होता, सोनोग्राफीचं मशीन असलेला. तिथल्या डॉक्टर वयानं लहान, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठ्या असतील, आणि बोलायला अशा की कडुलिंबाचा पाला बरा.

सोनोग्राफीच्या आधी चार-पाच तांबे पाणी प्यायला लावलं आणि बाकड्यावर बसवून ठेवलं. बाकड्यावर सगळ्या पोटुशा. शेजारची मला म्हणाली, "कितवा चाललाय ताई?" मी म्हटलं, "पाणी, पाचवा तांब्या." ती हसली आणि मलाही हसू फुटलं. किती महिन्यांनी फुटलं असेल.

आत नेलं. सासूबाई पायथ्याशी उभ्या. डॉक्टरांनी पोटावरून ते थंडगार फिरवलं, पडद्याकडं पाहिलं, मग माझ्या हनुवटीकडं, मानेकडं.

"पाळी कशी येते?"

"घड्याळ लावावं," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुमची नाही विचारली."

सासूबाई चपापल्या, पण हटल्या नाहीत. "अवो, मी सवता बघते की. दर म्हैन्याला बसती."

डॉक्टर म्हणाल्या, "इथं बघा. अंडाशयावर हे बारीक बारीक फुगे. चेहऱ्यावर केस, मान अशी, वजन असं. आणि पाळी तेवढी घड्याळासारखी? मला पटत नाही."

"मग मशीन खोटं बोलतंय तुमचं."

मला तेव्हा लघवी इतकी लागली होती की डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. खरं सांगते, शूरपणा वगैरे काही नव्हता. आणखी एकही गोष्ट आत धरून ठेवायची ताकद उरली नव्हती. मी पडल्या पडल्या म्हटलं, "आई, मशीन नाही, मी खोटं बोलत्येय. मला चार-चार महिने येत नाही. मी नुसतीच बसते. नवरात्रात आली होती आणि मी बसले नाही."

आणि मला हुंदका आवरेना. डॉक्टरांनी माझ्या हातात कापड दिलं. म्हणाल्या, "आधी समोर जाऊन या, मग रडा. दोन्ही एकदम जमणार नाही."

मी परत आले तेव्हा सासूबाई खोलीत नव्हत्या. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. म्हणाल्या, हे कुणाच्या करण्यानं होत नाही, तुम्ही काही केलेलं नाही. मग विचारलं, "झोप लागते?" म्हटलं नाही. "जेवण जातं?" कधी खूप, कधी अजिबात नाही. "जगावंसं वाटतं?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी कालव्याचं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवून सगळं ऐकलं. बाहेरची रांग ओरडत होती तरी ऐकलं. म्हणाल्या, "या आजारात मनही आजारी पडतं, पुष्कळ जणींचं. त्याचे वेगळे डॉक्टर असतात. चिठ्ठी देते. जायचंच."

दातांचे डॉक्टर

घरी काय झालं असेल तुला वाटतं? आरडाओरडा? काही नाही. सासूबाईंनी घरभर गोमूत्र शिंपडलं, देव धुतले, आणि माझ्या हातचं पाणी घेणं बंद केलं. स्वतःपुरती वेगळी चूल मांडली. सव्वा महिना. समोरासमोर बसून आम्ही वेगवेगळ्या तव्यावरची भाकरी खाल्ली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला रोज वाटायचं. जाऊबाईंना काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यांनी मात्र एका शब्दानं टोकलं नाही. एक दिवस छकुलीला आणून माझ्या मांडीत ठेवली आणि म्हणाल्या, "धरा जरा हिला, मला गिरणीत जायचंय." गिरणी त्या दिवशी बंद होती.

सव्वा महिन्यानं मी पडवी सारवत होते. सासूबाई येऊन उंबऱ्यावर टेकल्या. 

"ते चार दीस काय करायचीस गं हितं?"

"रडायचे."

"अन् मग?"

"मग पडून राहायचे."

 त्या गोठ्याकडं बघत म्हणाल्या, "माजी पाळी गेली तुज्या लग्नाच्या लई आदी. तरी वरीसभर बसत हुते मी. थोरली नवी आली हुती, चूल तिच्या हाती दिली आन् हितं येऊन पडले. पाठ टेकायला दुसरं काय निमित्त हुतं बाईमानसाला?" उठता उठता म्हणाल्या, "कुणाला बोललीस तर जीभ हासडीन."

आज त्या नाहीत, म्हणून लिहिलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं. नवरात्रात मात्र मला चुलीला हात लावू दिला नाही, शेवटपर्यंत. सगळं गोड झालं असं मी तुला सांगणार नाही.

मनाच्या डॉक्टरांकडं जायचं तर वेगळंच संकट. पुण्यात तेव्हा एकच शब्द होता, येरवडा, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. सून त्या डॉक्टरकडं जाते म्हटल्यावर मांजरीपासून लोणीपर्यंत गावोगाव बातमी गेली असती. ह्यांनी घरी सांगितलं, सुनंदाचे दात किडलेत, शहरात डॉक्टर चांगला आहे. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही बसनं मंडईपाशी उतरायचो आणि तिथून चालत जायचो. चार महिने झाले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "काय भावजी, बायकोला दात तरी किती आहेत हो?"

ते डॉक्टर म्हातारे होते, हळू बोलायचे. पहिल्या दोन वेळा मी काहीच बोलले नाही. गोळ्या सुरू झाल्या, तोंड कोरडं पडायचं, झोप यायची. दोनदा मी गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या आणि दोनदा पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. हे बाहेर बाकावर बसून राहायचे. त्यांना आत बोलावलं तर म्हणाले, "मी काय बोलू, मला मशीनचं कळतं." पण एक शनिवार त्यांनी चुकवला नाही.

किती महिन्यांनी ते आठवत नाही, पण एका सकाळी मी आपण होऊन ठरवलं की आज गवार करायची. हसू नकोस. त्या दिवशी गवारीची एकेक शेंग मी हातात धरून बघितली.

पुढं ऊस गेला, सोसायट्या आल्या. आमच्या फाट्यावर एका यवतमाळच्या मुलीनं पार्लर काढलं. सहा महिने मी नुसती दारावरून जायची. शेवटी एकदा शिरले आणि खुर्चीत बसल्यावर पदर खाली घेता येईना. ती म्हणाली, "काहून लाजता काकू? कंपन्यांतल्या किती पोरी येतात माह्याकडे याच कामाला. तोंडावर रुमाल बांधून येतात अन् गाडीवरून आली म्हणून सांगतात." तिनं दोरा लावला. दुखलं चांगलंच. मी तिथं बसून त्या रुमाल बांधलेल्या पोरींचा विचार करत होते. शिकलेल्या, कमावत्या, आणि तरी.

आता तुझं

मला मूल झालं नाही. तुला भीती घालायला हे सांगत नाही. आजकालचे उपाय वेगळे, पुष्कळ जणींना होतात, डॉक्टरला विचार. लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिलं. मनाचा आजार गेला असंही लिहिणार नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी परत आला, जमीन गेली तेव्हा परत आला. आजही सकाळी एक गोळी आहे, आणि काही दिवस असे असतात की दूधवाल्याला दार उघडायला उठवत नाही. अशा दिवशी मी ह्यांना सांगते, "आज मी बरी नाही." ते म्हणतात, "बरं," आणि चहा करतात. फार वाईट करतात.

तू ऑफिसला व्हायरल सांगितलंस, आईला फाइन सांगितलंस, मला मीटिंग. आईकडून असंही कळलं, डॉक्टरीणबाईंनी मूड कसा असतो विचारलं तेव्हा 'ओके' म्हणालीस. तू कुठं बसलीयस ते मला नीट माहीत आहे. तिथं सुरुवातीला बरं वाटतं, कुणी विचारत नाही. पण मृणाल, आपण डॉक्टरला सांगू त्यावर औषध ठरतं. माझी दोन वर्षं गेली, आणि थोडक्यासाठी मीच गेले असते. तुझा एक दिवसही त्यात जायला नको, एवढ्यासाठी मी म्हातारी हे सगळं उघडं करून बसले.

शनिवारी ये. तोंड धुतलं नाहीस तरी चालेल, केस विंचरले नाहीस तरी चालेल. रिक्षावाल्याला फाट्यावरच्या देवळाची खूण सांग, मी तिथं येऊन उभी राहते. बोलायला नको वाटलं तर बोलू नकोस, मी दोघींचं बोलेन, मला ते जमतं. आणि मी बरी आहे असंच सांगायचं असेल, तर तेही फोनवर नको. इथं येऊन, माझ्यासमोर बसून सांग. लवकर ये गं.